गुणी बारावी

१

लॅब उघडायची म्हणजे आधी चपला काढायच्या. पाटसजवळच्या त्या ज्युनिअर कॉलेजात हा नियम देवळापेक्षा कडक होता. धूळ आत गेली की कॉम्प्युटर मरतात, असं प्राचार्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि प्राचार्यांनी ते फारच मनावर घेतलं होतं. पोरं दाराशी चपलांचा ढीग लावून आत यायची, आणि आसपासच्या उसाच्या शेतांत पाचट पेटलं की त्याची काळी राख खुशाल खिडकीतून आत यायची. तिला कोण अडवणार?

करुणा मॅडम रोज सकाळी आपल्या चपला भिंतीला लावून ठेवायच्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो दौंडला स्टेशनबाहेर लाल दोऱ्यानं शिवून घेतला होता. काळ्या चपलेवर लाल दोरा. शिवणाऱ्याकडे दुसरा दोरा नव्हता आणि बाईंना घाई होती. मग कॉम्प्युटरवरची प्लास्टिकची आवरणं काढायची, घडी करून ठेवायची, यूपीएस चालू करायचा. तिशी उलटलेली, कंत्राटावर नेमलेली, हायवेजवळ एका खोलीत एकटी राहणारी बाई. बोलायला वर्गातली पोरं आणि शिपाई सावळाराम, एवढाच गोतावळा.

दोन हजार सात साल होतं ते. नेटवर मित्र जोडायच्या ऑर्कुटचं वेड तेव्हा पुण्याहून हायवेनं आमच्याकडेही आलेलं. बारावीच्या पोरी मॅडमच्या मागे लागल्या की आम्हालाही शिकवा. शिकवायला काही अडचण नव्हती, पण आदल्याच वर्षी एका पोरीचा फोटो नेटवर दिसला म्हणून तिचे चुलते थेट ऑफिसात येऊन टेबल बडवून गेले होते. तेव्हापासून पोरींची नावं नकोत, फोटो तर नकोतच, असा दंडक होता. मॅडमनी मधला मार्ग काढला. सगळ्यांनी मिळून ऑर्कुटवर एकच पोरगी बनवायची. खोटी. जी कुणाचीच नाही, तिचा चुलता टेबल बडवायला येणार नाही.

पोरींना एवढा आनंद झाला, जणू घरात बारसं होतं. वाढदिवसाचा प्रश्नच नव्हता, निम्म्या वर्गाचा वाढदिवस एक जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तोच लिहिला होता. आवडीचं खाणं गूळ-शेंगदाणे. काय व्हायचंय, तर नर्स. हे प्रतिभानं दिलं. ती मधल्या सुट्टीत पेनानं सगळ्यांना इंजेक्शनं देत फिरायची. हसणं साधनाचं. साधनाला एकदा हसू फुटलं की तास संपेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून ही पोरगी जे काही लिहील त्याच्या शेवटी 'खि खि खि' लिहायचं ठरलं.

गुणी हे नाव मात्र मॅडमनी दिलं. कुणी आपलं नाव द्यायला तयार होईना, तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं. आई घरात त्यांना गुणी म्हणायची. फक्त आईच म्हणायची. आडनावाच्या जागी काहीतरी हवंच होतं, म्हणून पोरींनी 'बारावी' टाकलं.

"आन् फोटू?" प्रतिभा म्हणाली. "मॅडम, तुमचाच घ्या की. पाठमोरा. कुणाला कळतंय?"

मॅडम भिंतीकडे तोंड करून बसल्या. प्रतिभानं वेबकॅम उचलून लांब वेणी आणि खांदे टिपले. पोरी टाळ्या पिटत होत्या. मॅडमनी वळून विचारलं, "आला का?" तेव्हा त्यांना उगीचच वाटलं की आपण वळायला नको होतं.

२

परीक्षा झाली, पोरी पांगल्या. बऱ्याच जणींची उन्हाळ्यात लग्नं उरकली. करुणानं गुणीचा पासवर्ड बदलून टाकला, कारण तो साऱ्या वर्गाला पाठ होता, आणि विषय तिच्या लेखी संपला.

त्या वर्षी ती सुट्टीतही घरी गेली नाही. घर शिरूरकडे, न्हावऱ्याच्या पुढे एका वाडीत. तिथे आई ताईबाई आणि धाकटा भाऊ सम्राट. सम्राट रांजणगावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. आदल्या वर्षी एक स्थळ आलं होतं, बिजवर, दोन पोरं असलेलं. करुणानं नाही म्हटलं. आई म्हणाली, तुझ्यापायी भावाचं लग्न अडलंय. शब्दानं शब्द वाढला आणि करुणा बोलून गेली, "मग समजा तुम्हाला मुलगीच नाही. तू बोलावल्याशिवाय मी येणार नाही."

आईनं बोलावलं नाही. करुणा गेली नाही. दोघी एकाच मातीच्या, कुणी आधी वाकायचं? त्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, तिला आता माणसं आवाजावरून आणि हात लावूनच कळायची. हे सगळं करुणाला ठाऊक होतं. रोज संध्याकाळी खोलीवर स्टोव्ह पेटवताना ती ठरवायची, या रविवारी जायचं. रविवारी कपडे धुवायची आणि गप्प बसायची.

जूनमध्ये लॅब पुन्हा उघडली. दुपारी तास संपल्यावर ती आपलं ऑर्कुट उघडून बसली होती. तिच्या मित्रांच्या यादीत सम्राट होता, एक जुनी मैत्रीण होती आणि गुणी. स्क्रॅपबुकात, म्हणजे निरोप लिहायच्या पानावर, एक ओळ आली होती. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा सगळे लिहायचे तशी.

'मॅडम, जेवलात का?'

खाली गुणी बारावी. पाठमोरी वेणी.

करुणाला हसू आलं. कुठल्या तरी पोरीनं पासवर्ड ओळखला, दुसरं काय! मग तिनं तो पुन्हा बदलला, यावेळी आकडे आणि चिन्हं घालून, कुणाच्या बापालाही सुचणार नाही असा. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओळ.

'काल तुम्ही सांगितलंच नाही. जेवलात का?'

वडील बबनराव हयात असताना म्हणायचे, घाबरायच्या आधी विचार कर, निम्मी भुतं तिथंच मरतात. करुणानं विचार केला. लॅबच्या एखाद्या यंत्रात जुना पासवर्ड राहिला असेल. तिनं एकेक यंत्र तपासलं, सगळं पुसून काढलं. शेवटच्या रांगेतलं कोपऱ्यातलं यंत्र तर गेल्या सहामाहीपासून बंदच होतं, त्यावरचं आवरण कुणी काढलंही नव्हतं. तिनं ते काढलं. कीबोर्डवर पाचटाची राख बसली होती, आणि राखेत बोटांचे ठसे होते.

पोरं कुठं कुठं हात घालतील सांगता येत नाही, असं म्हणून तिनं फडक्यानं राख पुसली.

३

खरी गोष्ट सांगायची तर तिनं उत्तर दिलं. इथंच सगळं चुकलं, पण तिला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्याला दिवसभरात कुणीही जेवलीस का म्हणून विचारत नाही, त्यानं काय करावं?

'जेवले,' तिनं लिहिलं. 'तू?'

'गूळ-शेंगदाणे. खि खि खि.'

मग रोजचंच झालं. दुपारचं ऊन, रिकामी लॅब, वर पंखा. वीज गेली की यूपीएस टूं टूं करत राहायचा आणि त्या आवाजातही गुणीच्या ओळी येत राहायच्या. करुणानं ठरवून टाकलं की ही वर्गातलीच कुणीतरी आहे, सासरी जीव रमत नाही म्हणून लिहिते. कोण ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, आणि कळल्यावर हे थांबलं असतं. तिनं आपलं सगळं सांगून टाकलं. आईचे डोळे, घराची निळी भिंत, दारासमोरचा लिंब, शनिवारी आई मांडीशी बसवून तेल घालायची ते, आणि ते भांडणही.

एकदा चौफुल्याला बस बदलताना प्रतिभा भेटली. डोक्यावर पदर, अंगावर पिवळी हळद अजून पुसट दिसत होती.

"काय गं, नर्सिंगचा फॉर्म भरलास का?" करुणानं विचारलं.

"कसला फारम, मॅडम?"

"अगं, नर्स व्हायचं होतं ना तुला? साऱ्या वर्गाला सुया टोचत फिरायचीस."

प्रतिभा तिच्याकडे बघत राहिली. लपवाछपवी नव्हती, लाजही नव्हती. "म्या? न्हाई वो. दुसरी कुणीतरी आसंल. मला तर दवाखान्याचा वासबी सहन हुत न्हाई."

"आणि गुणीवर काही लिहितेस का तू?"

"कोन गुणी?"

पुढच्या आठवड्यात दौंडच्या बाजारात साधना दिसली, सासूबरोबर. करुणानं मुद्दाम वर्गातला एक जुना विनोद काढला. साधना शेवटपर्यंत नीट ऐकत होती आणि मग गप्प उभी राहिली. सासू कौतुकानं म्हणाली, "आमची सून लई शांत हाय बघा. आल्यापास्नं दात म्हून दिसलं न्हाईत तिचं."

लग्न झालं की पोरींचं असंच होतं, करुणानं मनाला समजावलं. ते खोटंही नव्हतं. तिच्या माहितीतल्या किती तरी पोरींचं असंच झालं होतं, आणि त्यांनी काही ऑर्कुट पाहिलं नव्हतं. पण त्याच दुपारी गुणीनं लिहिलं, 'मॅडम, मी नर्स झाले की तुमच्या आईच्या डोळ्यांत मीच थेंब घालीन. खि खि खि.' प्रतिभानं दिलेलं प्रतिभाकडे उरलं नव्हतं, साधनानं दिलेलं साधनाकडे. आणि नाव आपण दिलं होतं, हे करुणाला तेव्हा आठवलं.

तेवढ्यात सावळाराम दारात आला आणि एकदम दचकला.

"मॅडम, तुमी आत्ता आलाव?"

"हो. का?"

"न्हाई, मगाशी मी कुलूप लावाया आलतो. चपला दिसल्या तुमच्या, लाल दोऱ्याच्या. डोकावलो तर तुमी त्या कोपऱ्यातल्या मशिनीवर बसल्याला. हाक मारली, वळला न्हाई. म्हनलं कामात आसतील."

"मी बाजारात होते, सावळाराममामा."

"मग माझीच नजर फिरली आसंल," तो म्हणाला आणि आत न येताच निघून गेला.

४

त्यानंतर तिनं आठवडाभर ऑर्कुट उघडलं नाही. लॅबमध्ये ती दाराकडे तोंड करून बसू लागली. तास चालू असायचा तोवर काही वाटायचं नाही. पोरं गेली की कोपऱ्यातून कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज यायचा, प्लास्टिकच्या आवरणाखालून यावा तसा दबलेला. ती उठून गेली की थांबायचा. उंदीर, ती म्हणायची. वायरी कुरतडत असणार. सावळारामला औषध टाकायला सांगायला हवं.

पण रोज दुपारी डबा उघडला की घास उतरेना. समोर कुणी नव्हतं आणि विचारणारंही कुणी नव्हतं. भीती वाईट खरीच, पण रोजचं ते विचारणं बंद होणं तिला त्याहून सोसेना. मन घट्ट करून तिनं पुन्हा उघडलं. ओळी साचून राहिल्या होत्या. सगळीकडे तेच, जेवलात का, जेवलात का. सर्वांत खाली आजची.

'मॅडम, आईची आठवण येते का?'

करुणाचे डोळे भरून आले. आता काय लपवायचं? 'येते,' तिनं लिहिलं. 'फार येते.'

'मग जात का नाही?'

'पाय निघत नाही. ती बोलावत नाही.'

 पंखा कुरकुरत होता. मग ओळ आली.

'तुमच्याऐवजी मी जाऊ का?'

वाचताना तिला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. कुणीतरी आपल्यासाठी त्या दारात जाऊन उभं राहील, आई म्हणेल ये, आपला मान मोडणार नाही आणि कामही होईल. लहान पोरानं विचारावं, तुमची पिशवी मी धरू का, तसं ते वाटलं. तिनं हसून डोळे पुसले.

'जा की,' तिनं लिहिलं.

गुणीनं यावेळी 'खि खि खि' लिहिलं नाही. कोपऱ्यातला आवाजही त्या दिवसापासून बंद झाला. लॅब एवढी शांत झाली की करुणाला आपल्या डब्याचं झाकण लागल्याचा आवाज मोठा वाटू लागला. आणि रोजची ती ओळ? तीही पुन्हा आली नाही.

५

काही दिवसांनी सम्राटचा फोन आला. भांडणानंतर पहिल्यांदाच.

"तायडे, अजून राग हाय व्हय गं माझ्यावर?"

"नाही रे. असं का विचारतोस?"

"मग शनवारी आलीस तर बोलली का न्हाईस? मी शिफ्ट सुटून घरी आलो, तू पाठ करून बसलेली, आई तेल घालत हुती. दोन हाका मारल्या. मान म्हून हलवली न्हाईस. म्हनलं, आसू दे, आली हे काय कमी हाय."

करुणाला आधी वाटलं, टोमणा मारतोय. आली नाहीस हे असं वळसा घालून सांगण्याची त्याची पद्धतच होती. "टोमणे नको मारू सम्राट," ती म्हणाली.

"टोमणा? थांब, आईलाच देतो."

फोनवर आईचा श्वास आला. मग आवाज. वर्षभरात न ऐकलेला, आणि एवढा आनंदी की करुणानं फोन कानाशी घट्ट धरला.

"हॅलो, कोन बोलतंय?"

"आई, मी."

"कोन मी? आवाज वळखू येत न्हाई. सम्राटा, कोन हाय रं ह्ये? धर, मला काय ऐकू यीना." आणि लांबून, फोन दूर नेताना, "आरं, शनवारी गुणी येनार हाय परत, तिला येताना खोबरेल आनाया सांग."

फोन कट झाला. करुणानं पुन्हा लावला, सम्राट कामावर निघून गेला असावा, बंद लागला.

ती तशीच लॅबमध्ये आली. तोंड धुवायचंही सुचलं नाही. ऑर्कुट उघडून गुणीचं पान काढलं. फोटो तोच होता, तीच वेणी, तेच खांदे. पण त्या दिवशी मागे लॅबची पांढरी भिंत होती, तिच्यावर पंख्याचं बटण होतं, हे करुणाला पक्कं आठवत होतं. आता मागे निळी भिंत होती. रंगाचा पोपडा निघालेला, कोनाड्यात तेलाची बाटली, वर तसबिरीच्या चौकटीचा खालचा काठ. ती बुद्धाची तसबीर होती. त्या काठाला खालून टेकू म्हणून बबनरावांनी स्वतः ठोकलेला खिळाही दिसत होता, वाकडा.

हा नवा फोटो कुणीतरी काढून इथं चढवला असणार. कुणी? सम्राटला कॅमेरा कुठला? आणि गुणीचा पासवर्ड त्याला कोण देणार? विचार केला की भुतं मरतात, असं वडील म्हणायचे. इथं ती जसजसा विचार करील तसतशी उरलेली वाटही बंद होत चालली होती.

तिनं गुणीला पुसून टाकायचं ठरवलं. पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. पासवर्ड विसरलात तर म्हणून तिथं एक प्रश्न ठेवायची सोय असते. हा प्रश्न तिनंच पोरींसमोर हसत हसत घातला होता. आई तुला कोणत्या नावानं हाक मारते?

करुणानं सावकाश, एकेक अक्षर बघून 'गुणी' लिहिलं.

उत्तर चुकीचं आहे, असं पडद्यावर आलं.

६

शनिवारी तिनं रजा टाकली. चौफुल्याला बस बदलली, न्हावऱ्याला जीप मिळाली, तिथून पुढे चालत. भर दुपारची वेळ, रस्त्याला कुत्रंही नव्हतं. पिशवीत खोबरेल तेलाची बाटली होती. का घेतली, ते तिलाच सांगता आलं नसतं. वाटेत वाडीतला एक जण सायकलवरून गेला, तो नेहमी जय भीम घालायचा. आज त्यानं परक्या बाईकडे बघावं तसं बघितलं आणि पायडल मारलं.

आपण काय म्हणायचं, हे ती मनात घोळवत होती. चुकलं आई. एवढंच. पाया पडायचं आणि म्हणायचं, चुकलं, मला जवळ घे. वर्षभर अडलेली गोष्ट एवढी सोपी होती, हे कळून तिला स्वतःचाच राग आला.

लिंबाखाली सावली होती. दार अर्धं उघडं होतं. उंबऱ्याशी, भिंतीला लावून, चपला ठेवल्या होत्या. काळ्या. उजव्या चपलेच्या अंगठ्यावर लाल दोरा.

करुणानं आपल्या पायाकडे पाहिलं. तिथंही तोच दोरा होता.

उन्हातून आत बघताना आधी काही दिसेना. ऐकू आला तो आईचा आवाज. आई गात नव्हती, पण तेल घालताना ती जे बडबडायची ते करुणाला लहानपणापासून पाठ होतं. "केस किती वाळल्यात गं गुणी. तिकडं खानावळीचं खातीस, तेल कोन लावनार तुला? वर्सभर रुसलीस, मला रातरात झोप न्हाई. म्या तरी काय करू, माझीबी जीभ उचलंना."

एवढंच तर ऐकायचं होतं. ते ती ऐकत होती. दारात उभी राहून.

हळूहळू आतलं दिसू लागलं. निळी भिंत, सतरंजी. आई बसली होती आणि तिच्या पुढ्यात, दाराकडे पाठ करून, वेणी सोडलेली एक बाई.

"आई," करुणा म्हणाली.

आईचे हात थांबले. तिनं चेहरा दाराकडे केला, डोळ्यांत दुधाळ पांढरं. "कोन हाय?"

"मी. करुणा."

आई आठवू लागली. अगदी मनापासून आठवत होती, कपाळाला आठ्या पडल्या. "करुणा... कुठल्या म्हनायच्या तुमी, बाई? मला दिसत न्हाई वो नीट."

"आई, मी गुणी!"

आई हसली. पोरीनं चेष्टा केली की हसायची तशी. "गुणी तर ही बसलीया न्हवं माझ्यापुढं. बघ गं गुणी, कोन आलंय."

समोरची पाठ वळली नाही. पण ती बोलली. आवाज कोवळा होता, एकीचा नव्हता, वर्गानं मिळून पाढे म्हणावेत तसा होता, आणि त्यात साधनाचं हसू होतं. करुणाला ते लगेच ओळखू आलं. "मॅडम हायेत आमच्या, आई. कालेजातल्या."

मग, रोज दुपारी विचारायची तसंच, "मॅडम, जेवलात का?"

"व्हय का?" आईची धांदल उडाली. "मग आशा दारात का हुब्या? बसा बाई, बसा. लई सांगती ही तुमच्याबद्दल."

जन्मात आईनं तिला कधी 'बसा' म्हटलं नव्हतं. चिडली तरी नाही.  ओरडावं, आईचा हात धरून तिला उठवावं, असं वाटलं. पण आईच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते तिनं वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. ते आपण आणलं असतं तर? आणलं असतं. रविवार होते की. केवढे तरी रविवार होते.

ती उंबऱ्याच्या आत टेकली.

"कशी हाय ना माझी गुणी?" आई म्हणाली आणि सवयीनं तिची दृष्ट काढायला हात उचलले. आयुष्यभर बबनरावांनी ही खुळं सोड म्हणून दटावलं, पण बोटं मोडायचं आईनं काही सोडलं नव्हतं. खांद्यांवरून तिचे हात पुढं गेले, गालांवरून फिरवायला. गाल जिथं असायला हवेत तिथं ते थांबले नाहीत. आणखी पुढं गेले. मनगटांपर्यंत. आई प्रेमानं हसतच होती.

करुणानं डोळे मिटून घेतले. मग आईनं आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला, सगळी बोटं, एकही न चुकता.

जेवण आईनं चाचपडत वाढलं. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. करुणा जेवली. सोडून उठून जावं असं तिला एकदाही वाटलं नाही, कारण आईच्या हातची भाकरी होती आणि तिला भूक लागली होती. "लाजू नका बाई, घ्या आनखी," आई म्हणत होती. ती दुसरी भिंतीकडे तोंड करून बसली होती, आणि आई मधूनमधून तिच्या पाठीवर हात ठेवत होती.

निघताना करुणानं तेलाची बाटली कोनाड्यात ठेवली. आई भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत आली. पाहुण्याला दारापर्यंत पोचवायचं, ही तिची रीत होती.

"येत जावा," ती म्हणाली. "आन् घरी तुमच्या आईला माझा जय भीम सांगा."

"सांगते," करुणा म्हणाली, आणि उन्हात उतरली.